मामांच्या मोटारीची शाखा

काशीत शास्त्र जाणणारे पुष्कळ होते, पण शिंकायच्या आधी शिंकेला आधार शोधणारा माणूस सगळ्या ब्रह्मा घाटावर एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. घनपाठी वैदिक. सुलटा, उलटा, जोड्याजोड्यांनी, हवा तसा वेद म्हणणार. एक स्वर इकडचा तिकडे होणार नाही. पण पोथीत नसलेलं काही करायची वेळ आली की मामांचे हातपाय गळत. एकदा छपरावरून माकड आलं आणि त्यांचा चष्मा घेऊन कठड्यावर बसलं. माकडाकडून वस्तू कशी परत घ्यावी हे कुठं लिहिलंय ते बघायला मामांनी कपाट उघडलं, पण वाचायला चष्मा हवा, म्हणून पुन्हा माकडाकडे पाहत उभे राहिले. मामींनी तोवर केळं दाखवून चष्मा सोडवलासुद्धा. मामा म्हणाले, "सुटला खरा, पण आधाराशिवाय सुटला."

अशा माणसाला मोटार मिळाली. मिळाली म्हणजे दानात मिळाली. गंगेपलीकडच्या कुणा जमीनदारानं बापाच्या श्राद्धाला गोदान करायचं ठरवलं आणि ऐन वेळी "गाय काय, कुणीही देतो" म्हणून आपली जुनी विलायती मोटार पुढं केली. गोदानात गाईचं शेपूट हाती धरून पाणी सोडतात. मोटारीला शेपूट कुठलं? शेवटी मागची धुराची नळी धरून संकल्प झाला आणि जमीनदाराचा तळवा चांगलाच भाजला. गाडी तिथवर चालत आली होती याचा तेवढाच पुरावा, कारण त्यानंतर चार वर्षं ती स्वतःहून जागची हलली नाही. दानाची गाय विकत नाहीत, म्हणून मोटारही विकता येईना. आमच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला भिंतीत शिरावं लागतं, तिथं मोटार कुठली येणार! ती ढकलत नेऊन मैदागिनच्या मोठ्या रस्त्यावर टांगेवाल्यांच्या तबेल्यात, घोड्यांच्या रांगेत उभी केली.

या सगळ्यात खरी ओढ लागली होती ती मामींना. त्यांचे गुडघे धरलेले, कंबर गेलेली. एक्क्याचे हिसके सोसायचे नाहीत. घाट बंद, देऊळ बंद. म्हणायच्या, "तीस वर्षं या गल्लीत काढली. वर पाहावं तर पदराएवढं आभाळ. एकदा मला त्या गाडीत घालून मोकळ्यावर न्या हो. सारनाथला न्या. हातपाय पुरते जायच्या आत न्या." मामा कळवळून म्हणत, "नेतो ना! कोण नाही म्हणतंय? फक्त ग्रंथ येऊ दे."

ग्रंथ म्हणजे मोटार दुरुस्त कशी करावी याचं पुस्तक. तबेल्यातच रहमत मिस्त्री काम करायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "पंडितजी, आधे घंटे का काम है." मामांनी विचारलं, "कौनसे ग्रंथ के आधार से?" "ग्रंथ कइसन? बाप से सीखा." "और बापने किससे सीखा?" "बाप तो घोड़े को नाल ठोकता था." मामा शहारले आणि दुसऱ्या दिवसापासून कलकत्त्याला, मुंबईला, मद्रासला पत्रं सुटू लागली. पत्रं अर्थात मी लिहायची, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवी. पहिलं पुस्तक आलं ते लॉरीचं. दुसरं आगबोटीचं. तिसरं शिवणयंत्राचं, पाठवणाऱ्या दुकानदारानं सोबत चिठ्ठी ठेवली होती की चाक दोन्हीला असतं. मी म्हटलं, "मामा, लॉरीच्या पुस्तकावर भागवू या ना. इंजिन ते इंजिनच." मामांनी कानांवर हात ठेवले. वैदिकांत ज्यानं त्यानं आपल्याच शाखेप्रमाणे कर्म करायचं. शेजाऱ्याची शाखा कितीही सोपी असली तरी उचलायची नाही. "जावईबापू, ज्या शाखेची गाडी, त्या शाखेचा ग्रंथ. लॉरीचं पुस्तक लावलं तर उद्या ती माल मागेल."

बरं, गाडीच्याच जातीचं पुस्तक आलं म्हणून पास होई असंही नाही. मामा परीक्षा घेत. मला अवघडातलं अवघड प्रकरण काढायला सांगत आणि शेवटची ओळ आधी वाचायला लावत. अशी दोन पुस्तकं निव्वळ शेवटच्या ओळीवर नापास झाली. दोन्हीत लिहिलं होतं, पुढील काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. "हा कसला ग्रंथकार?" मामा कडाडले. "युद्ध तोंडावर आलं आणि हा पळाला!" खरं सांगायचं तर हे मला पटलं. पुस्तक विकत घ्यावं आणि त्यानं आपल्याला मिस्त्रीकडे धाडावं, हा चावटपणाच.

चौथ्या वर्षी कलकत्त्याहून हवं ते पुस्तक आलं. तीच गाडी, तेच साल, आकडे घातलेली चित्रं, आणि ग्रंथकार कुठंही न पळालेला. पण तेलकट हात ग्रंथाला लावायचा नाही, तेव्हा तो पाठच केला पाहिजे. तीन महिने रोज सकाळी मी मराठी करून सांगायचं आणि मामांनी घोकायचं. एखादा शब्द अडला की मी वेळ काढायला खाकरत असे. मामांनी ते खाकरणंही जागच्या जागी पाठ केलं.

पौषातला दिवस ठरला. मामींना डोलीतून तबेल्यात आणलं. ठेवणीतला शालू नेसून त्या सकाळीच मागच्या बैठकीवर जाऊन बसल्या. मामा खणखणीत आवाजात पाठ म्हणत गाडी खोलू लागले, माझ्या खाकरण्यासकट. दुपारपर्यंत सगळं पुन्हा जोडलं. एक तुकडा हातात उरला नाही. मी हँडल मारलं. ढिम्म. चार वेळा, दहा वेळा मारलं. माझा खांदा निखळायची वेळ आली. गवताच्या भाऱ्यावर विडी ओढत बसलेला मिस्त्री शेवटी उठला, आत वाकला आणि म्हणाला, "पंडितजी, ई इंजन ए गाड़ी का है ही नहीं. किसी ने बदल दिया है. बॉडी एक, इंजन दूसरा."

मला हसू फुटलं. चार वर्षं शोधलेला, तीन महिने घोकलेला ग्रंथ नुसत्या सांगाड्याला लागू होता! पण मामा मटकन पायरीवर बसले, आणि आतून मामींचा आवाज आला, "जाऊ द्या हो. एवढं बसायला मिळालं, तेही पुष्कळ. डोलीवाल्यांना हाक मारा." माझं हसू जागीच विरलं.

मामा उठले. वहाणा काढल्या, मिस्त्रीसमोर गवतावर मांडी घातली आणि हात जोडून म्हणाले, "मिस्त्री, संथा द्या." संथा म्हणजे गुरूनं तोंडी द्यायचा धडा. बिचारा मिस्त्री घाबरला. मी त्याला समजावलं, "तुम बोलो, ये दोहराएँगे." तो चाचरत म्हणाला, "पहिले ई पाइप खोलिए." मामांनी ते वाक्य तीनदा, स्वरासकट म्हटलं आणि मग पाइप खोलला. अर्ध्या तासाच्या कामाला अडीच तास लागले. पण शेवटी इंजिन खोकलं, थरथरलं आणि असं गरजलं की सगळे घोडे मागच्या पायांवर उभे राहिले.

चाकावर मिस्त्री, शेजारी मी, मागं मामा-मामी. चारचौघांत शेजारी बसायची दोघांची ती पहिलीच वेळ. मामांनी मध्ये आणखी दोन माणसं मावतील एवढी जागा सोडली होती. वरुणेचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना सरसोंची पिवळी शेतं लागली. मामींनी वर पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं. मग म्हणाल्या, "अगंबाई, केवढं हो हे!" मामा कुठलाही आधार न शोधता म्हणाले, "हो ना. फारच मोठं आहे." परत येताना मी मागं वळून पाहिलं, तर मधली जागा नाहीशी झाली होती.

त्या हिवाळ्यात दर रविवारी गाडी निघे. ज्येष्ठात मामी गेल्या. दिवस झाल्यावर मी तबेल्यात गेलो, तर मामा मागच्या बैठकीवर एकटेच बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम होतं, जावईबापू. चार वर्षं मी पुस्तक शोधत बसलो."

त्या पुस्तकांवरून मी मामांची एवढी टिंगल केली होती की सगळा घाट मला कंटाळला होता. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, "मामा, चांगलं पुस्तक मिळायला वेळ लागतोच."