माइक

तळलेल्या साबुदाणावड्यांचा वास आला की अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या शाळेतला तो गणेशोत्सव आठवतो आणि माझं डोकं फिरतं. 'माझा आदर्श' या भाषणस्पर्धेत माझी लेक एका प्रसिद्ध रॅपरबद्दल बोलत होती. घरी इंग्लिशमध्येच उत्तरं देणारी ही मुलगी पहिल्यांदाच आपणहून मराठीत बोलत होती. लहानपणी आईबरोबर बेघरांच्या शेल्टरमध्ये राहणारा तो रॅपर बसमध्ये बसून गाणी लिहायचा, इतकं सांगून होतंय तोच मंडळाच्या काकांनी माइक काढून घेतला. "बेटा, हे आपलं कल्चर नाही." लोकांनी टाळ्याही वाजवल्या. त्यानंतर ती मराठीत बोललीच नाही. काल त्याच काकांनी मंडळाच्या ग्रुपवर त्याच रॅपरच्या आयुष्याचा व्हिडिओ टाकला, 'मुलांना जरूर दाखवा.' मी सगळ्यांसमोर लिहिलं, 'काका, माझी मुलगी हेच सांगत होती. माइक अजून तुमच्याकडेच आहे.'