दौंड जंक्शनवरचा आंतरराष्ट्रीय व्यापार

चष्मा काढायचा, टायच्या टोकानं पुसायचा, पुन्हा डोळ्यांवर चढवायचा आणि समोरच्याला विचारायचं, “आधी उद्दिष्ट काय ते सांगा.” सरांचा नमस्कार हा असा असायचा.

साठ सालच्या पुढच्या-मागच्या वर्षांत दौंडला टाय घालणारी माणसं दोनच प्रकारची. एक रेल्वेचे मोठे साहेब, दुसरे बँडवाले. सर या दोन्हींत बसत नव्हते, त्यामुळे गावाची पंचाईत झाली होती.

मी तेव्हा मालधक्क्यावर क्लार्क होतो. सरांची पुस्तकांनी भरलेली दोन खोकी मुंबईहून आली, ती सोडवायला ते माझ्या खिडकीशी उभे राहिले. मी फॉर्म पुढं केला. चष्मा पुसून झाला आणि ते म्हणाले, “या फॉर्मचं उद्दिष्ट काय?”

चार वर्षं तो फॉर्म मी रोज भरत होतो. असला प्रश्न मला कधी पडला नव्हता आणि पडला असता तर रेल्वेनं मला ठेवलं नसतं.

“तुमची सही घेणं,” मी म्हणालो.

“आणि सहीचं?”

“फॉर्म पुरा करणं.”

ते खदखदून हसले. “मिस्टर, तुम्ही माझ्या वर्गाला या. तुमची फार गरज आहे.” गरज कुणाला, मला की वर्गाला, ते मी विचारलं नाही.

सर मूळचे शिरूरचे, मिशनच्या आवारात वाढलेले. वडील तिथल्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. हुशारीवर शिष्यवृत्ती मिळाली आणि हा सुताराचा मुलगा अमेरिकेत जाऊन आंतरराष्ट्रीय व्यापार प्रशासन नावाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करून आला. येताना तिथली पदवी आणली, टाय आणला आणि त्या अभ्यासक्रमाची शैक्षणिक उद्दिष्टं छापलेली एक निळी पुस्तिका आणली. मुंबईच्या कंपन्यांनी त्यांना भेटीला बोलावलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. त्यांच्या पत्नी दौंडच्या रेल्वे दवाखान्यात नर्स होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. म्हणून सर दौंडला आले आणि सायकलच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी तोच अभ्यासक्रम एका वर्षात बसवून मराठीतून सुरू केला. पुण्यात अशी सोय नव्हती. मुंबईत होती की नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं. दौंडला मात्र झाली.

भिंतीवर पाटी हवी होती. गावात एकच पेंटर, त्याचा हात ‘येथे थुंकू नये’वर बसलेला. त्यानं मोठ्या अक्षरांत रंगवायला घेतलं: एक, जागतिक दृष्टी येणे. दोन, परक्या संस्कृतीच्या माणसांशी सहज व्यवहार करता येणे. तीन, अपुऱ्या माहितीवर धाडसी निर्णय घेता येणे. चार, सहकाऱ्यांशी जुळवून घेणे. पाच, नेतृत्व करणे. इथं पाटी संपली. सहावं उद्दिष्ट राहिलं: व्यवहारात नैतिक जबाबदारी पाळणे.

पेंटर म्हणाला, “सर, पाच बास झाली की. सहावं कोण वाचतंय?”

सर ऐकेनात. तेव्हा त्यानं सहावं उद्दिष्ट पाटीच्या मागच्या बाजूला रंगवलं आणि पाटी भिंतीला ठोकून टाकली.

पहिल्या तुकडीत आम्ही पाचजण. मी, एक कंपाउंडर, एक प्राथमिक शिक्षक, एक निवृत्त हवालदार आणि बाजारपेठेतल्या आडत्याचा मुलगा वसंता. हवालदार फक्त खोलीतल्या पंख्यासाठी यायचे, असं लोक म्हणत. मला विचाराल तर आमच्यात खरं उद्दिष्ट असलेले तेवढे एकच होते.

दर रविवारी सकाळी सर चर्चमधून थेट वर्गात येत. “समजा, मिस्टर कंपाउंडर, तुम्ही एका मोटार कारखान्याचे उपाध्यक्ष आहात. अर्जेंटिनात तुमचा खप घसरलाय. तुम्ही काय कराल?”

आयुष्यात एसटीशिवाय कशात न बसलेला कंपाउंडर गंभीरपणे विचार करायचा. “अध्यक्षांना विचारीन.”

“ते रजेवर आहेत.”

“मग ते आल्यावर विचारीन.”

सर कपाळाला हात लावायचे, पण चिडायचे नाहीत. एकदा काट्याचमच्यानं जेवायचं शिकवायला त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. सिस्टरांनी भाकरी आणि पिठलं केलं होतं. हवालदारांनी काटा भाकरीत असा खुपसला की ताटली खाली गेली. सिस्टर म्हणाल्या, “हातानं जेवा हो. अर्जेंटिनावाले कुठं बघताहेत?” सगळ्यांत आधी सरांनीच काटा ठेवला.

वर्गात खरा हुशार वसंता. सरांचं प्रत्येक वाक्य तो उतरवून घ्यायचा. आम्ही प्रश्न न कळता माना डोलवायचो, तो कळून डोलवायचा. सर म्हणायचे, “हा एक जरी तयार झाला तरी माझं अमेरिकेला जाणं फुकट गेलं नाही.” उरलेल्या चौघांसमोर म्हणायचे. आम्हाला वाईट वाटत नसे, कारण ते खरंच होतं.

दुसऱ्या सहामाहीत प्रात्यक्षिक आलं. सरांनी आफ्रिकेतल्या मोंबासाच्या एका व्यापाऱ्याशी पत्रव्यवहार केला होता. तिथल्या आपल्या लोकांना चांगला गूळ हवा होता, पण मोठ्या ढेपा नकोत, एका घराला पुरेल एवढ्या लहान भेल्या हव्यात. गूळ म्हटल्यावर यवत. सर, वसंता आणि मी पॅसेंजरनं यवतला एका आबांच्या गुऱ्हाळावर गेलो. आबा काहिलीशी उभे होते, अंगात बंडी, डोळे धुरानं लाल.

सरांनी चष्मा पुसला. “मिस्टर आबा, आपल्या उत्पादनाच्या आकारमानात ग्राहकाभिमुख बदल करण्याबाबत आपली काय भूमिका आहे?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. “ह्ये काय म्हनत्यात?”

“गूळ लहान करा म्हणतात.”

“आन् तेवढंच म्हनायला एवढं?” आबा म्हणाले. “न्हाई जमायचं. ल्हान भेल्या म्हंजी भातुकलीचा खेळ हाय व्हय?”

परक्या संस्कृतीच्या माणसांशी सहज व्यवहार करायला शिकून आलेला आमचा गुरू दौंडपासून तासाभराच्या अंतरावर आडवा झाला. वसंता हळूच हसला. मीही.

मग सरांनी टाय काढून खिशात कोंबला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गुळव्याच्या हातातून ढवळायचं फावडं घेतलं. तासभर ते काहिलीवर उभे राहिले. मनगटावर उकळता रस उडाला, फोड आला, तरी बाजूला झाले नाहीत. शेवटी साध्या बोलीत म्हणाले, “आबा, माझा बाप सुतार होता. त्यानं केलेल्या खुर्चीवर जगभरची माणसं बसून गेली, पण ती कुणी केली हे कुणाला कळलं नाही. तुमच्या भेलीवर मी कागद लावीन. त्यावर तुमचं नाव आणि यवत. खाणाऱ्याला कळलं पाहिजे कुणी केलं.”

आबांनी बंडीला हात पुसले. “माजं नाव? तकडं आफ्रिकंत?”

“तिकडंच.”

“करतू मग,” आबा म्हणाले.

चार खोकी भेल्या गेल्या. प्रत्येक भेलीवर दौंडच्या छापखान्यातलं लेबल, आबांचं नाव, यवत, तालुका दौंड. ती खोकी मीच माझ्या धक्क्यावरून चढवली. त्या दिवशी प्रथमच फॉर्मवरचा शिक्का मी सरळ मारला. दोन महिन्यांनी मोंबासाहून पत्र आलं: माल उत्तम, आता मालगाडीच्या वाघिणीच्या हिशेबात पाठवा. सरांनी ते पत्र वर्गात तीनदा वाचलं. हवालदार जागे झाले.

एवढ्या मोठ्या निर्यातीला परवाना लागतो आणि परवान्याला पेढी लागते. सरांकडं पदवी होती, पेढी नव्हती. वसंताच्या वडिलांकडं नेमकं उलट होतं. सर म्हणाले, “मग अडचण काय? परवाना वसंताच्या पेढीच्या नावावर काढू. सहकाऱ्यांशी जुळवून घेणे, उद्दिष्ट क्रमांक चार.” वसंतानं ते वहीत लिहून घेतलं.

थोड्याच दिवसांत माझ्या धक्क्यावर गुळाची पहिली वाघीण भरली. मी एक खोकं उघडून पाहिलं. भेल्या आबांच्याच होत्या. लेबल मात्र नवं, चकचकीत, त्यावर वसंताच्या पेढीचं नाव आणि एका हत्तीचं चित्र. यवतमध्ये हत्ती मी तरी कधी पाहिला नव्हता.

वसंता शेजारीच उभा होता. “सरांना मी स्वतः सांगणार आहे,” तो म्हणाला. “तुम्ही मधे पडू नका. आणि हो, तुमच्या धाकट्या भावाचं मी वडिलांशी बोललोय. पेढीवर कारकून हवाच आहे.”

मी मधे पडलो नाही. भाऊ पेढीवर लागला. पंधरा दिवस, तीन वाघिणी, मी मधे पडलो नाही. मधे न पडण्याचा मला रेल्वेत चांगला सराव झाला होता. रविवारी वर्गात बसून मी सरांच्या तोंडाकडं बघायचो आणि ते अर्जेंटिनाबद्दल बोलायचे.

मग एका रविवारी आबाच जिना चढून वर आले. धोतर, मुंडासं, हातात एक भेली. वसंता त्या दिवशी आला नव्हता. आबांनी भेली टेबलावर ठेवली.

“सर, ह्ये बगा. आमच्या हितलीच हाय. कागुद हत्तीचा हाय. माजं नाव न्हाई, यवत न्हाई. तुमचीच मानसं नेत्यात. म्या गावात समद्यास्नी सांगून बसलोय, आफ्रिकंत माजं नाव वाचत्यात म्हनून.”

सरांनी भेली उचलली, फिरवून पाहिली. चष्मा पुसला नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, “ही तुमच्याच धक्क्यावरून गेली असणार. तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“किती दिवस?”

“पंधरा.”

 सरांनी आबांना आपली खुर्ची दिली, स्वतः बाकावर बसले आणि आम्हाला म्हणाले, “आज वर्ग नाही.”

मोंबासाला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं ते फार सभ्य होतं: आमचा करार पेढीशी आहे, आपल्या कार्याला शुभेच्छा.

वर्ष संपलं. सर आता काय करतात याकडं आम्हा सगळ्यांचं लक्ष होतं. प्रमाणपत्रं छापून आली होती, लाल फीत लावलेली. वसंता नव्या सुटात आला. मी म्हटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. सरांनी उभं राहून जाहीर केलं, “प्रथम श्रेणी, प्रथम क्रमांक, वसंत. या भिंतीवरची पाचही उद्दिष्टं या विद्यार्थ्यानं पूर्ण साध्य केली आहेत.”

वसंतानं वाकून नमस्कार केला. हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. टोमणा त्याला कळला की नाही, सांगता येत नाही. प्रमाणपत्र त्यानं काचेत घालून पेढीवर लावलं, एवढं खरं.

मग सरांनी माझं नाव घेतलं. “अनुत्तीर्ण.”

कंपाउंडर पास झाला, मास्तर पास झाले, पंख्याखाली वर्षभर झोपलेले हवालदारही पास झाले. नापास मी एकटा. मी तणतणत घरी गेलो. चोर पहिला येतो आणि बघणारा नापास होतो, हा कुठला अमेरिकन न्याय?

दोन दिवसांनी दवाखान्यात गेलो होतो, तिथं सिस्टर भेटल्या. मी तोंड वळवलं. पट्टी गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, “वसंताला त्यांनी पाच मिनिटांत पास केलं. तुमचा कागद चार दिवस टेबलावर होता.”

 दुसऱ्या दिवशी मी भावाला पेढीवरून काढून घेतलं. तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मी काही मोठं केलं असं समजू नका. पुढची वाघीणही मीच भरून दिली, नोकरीच ती होती.

पुढच्या रविवारी सर यवतच्या पॅसेंजरमध्ये चढताना दिसले. मीही चढलो आणि समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी सरकून मला खिडकीकडची जागा दिली.

गुऱ्हाळ बंद होतं, आबा घरी होते. सरांनी दारातच हात जोडले. “आबा, मी शब्द दिला होता. तो माझ्याच्यानं पाळला गेला नाही. माफी मागायला आलोय.”

आबा गडबडले. “तुमी कशापायी मागताय? तुमी काय केलं?”

“शिकवलं मी,” सर म्हणाले.

मी पुढं झालो. “आबा, मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.” हे वाक्य मी यवतपर्यंत मनात घोळवत आलो होतो आणि तरी ते धड निघालं नाही.

आबांनी आम्हा दोघांना आत नेलं. देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर पहिल्या चार खोक्यांतलं एक लेबल खळीनं चिकटवलेलं होतं. “ह्ये तर गेलंतं का न्हाई तकडं?” त्यांनी विचारलं. “चार खोक्यांवर तर व्हतं?”

“होतं,” सर म्हणाले. “मी स्वतः लावलं होतं.”

“मग वाचलं आसंल की कुनीतरी. बसा, च्या घ्या.”

परतीच्या गाडीत सर एकदाच बोलले. “तुम्हाला कळत होतं म्हणून नापास केलं. बाकीच्यांना कशात नापास करणार?”

दुसरी तुकडी निघाली नाही. वर्षभरात सिस्टरांची नोकरी सुटली आणि दोघं शिरूरला गेले. मिशनच्या शाळेत सर इंग्रजी आणि भूगोल शिकवू लागले. दौंडहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं शिरूर काही लांब नाही. मी दर वर्षी ठरवत होतो आणि दर वर्षी जात नव्हतो. सर वारल्याची बातमीही मला आठवड्यानं कळली, तेव्हा गेलो.

सिस्टर अंगणात बसल्या होत्या. मी विचारलं, “आमची कधी आठवण काढायचे का?”

“नाही हो,” त्या सरळ म्हणाल्या. “दौंडचं काही बोलायचेच नाहीत. संध्याकाळी शाळेच्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून मुलींचा व्हॉलीबॉल बघत बसायचे. नियम काही कळायचे नाहीत. दोन्हीकडच्यांसाठी टाळ्या वाजवायचे. मुली ओरडायच्या, सर, तुम्ही कुठल्या बाजूचे?”

निघताना मी मैदानावरून गेलो. सामना रंगात आला होता. कडेला एक रिकामी लोखंडी खुर्ची होती. चेंडू जोरात येऊन तिच्यावर आदळला आणि खुर्ची कलंडली. एक लांब वेणीची मुलगी धावत आली. तिनं आधी खुर्ची उभी केली, मैदानाकडं तोंड करून नीट ठेवली, आणि मग चेंडूच्या मागं पळाली.