एटापल्लीतली चुन्याची खोली

नामदेवभाऊ पेंटर आज सकाळी गेले.

एटापल्लीत मी टिकले ती या माणसामुळे.

१९९७ साल. नागपूरची मी, बावीस वर्षांची. शिक्षिका म्हणून पहिलंच पोस्टिंग एटापल्लीला.

भाड्याच्या खोलीत आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं चूल पेटवलेली. भिंती तव्याच्या बुडासारख्या काळ्या. भर दुपारी लाइट लावावा लागे, आणि लाइट असेलच याचा भरवसा नाही.

दिवस मावळला की मला रडू यायचं.

पहिल्या पगारात चंद्रपूरहून डिस्टेंपरची बादली आणली. शेड कार्डावर नाव होतं ‘कूल व्हाइट’. आलापल्लीला एसटी बदलताना ती बादली लेकरासारखी कडेवर घेऊन उभी होते.

घरमालकानं नामदेवभाऊंना पाठवलं. त्यांनी नखानं भिंत खरवडून पाहिली.

“बाई, हा रंग इथी नाई धरत. खाली जुना चुना हाय, वरून काजळी. चुनाच मारू.”

“चुना नको. गोठ्यासारखं दिसतं.”

“पोपडे सुटले तं मंग मले नका म्हनू.”

मी नागपूरची, मला सगळंच कळत होतं. भाऊंनी डिस्टेंपरच मारला.

आठव्या दिवशी पोपडे सुटले. जेवताना एक भातात पडला.

त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. सोमवारी द्यायचा होता.

रविवारी सकाळी भाऊ दारात. कोणी बोलावलं नव्हतं. सोबत पिंपात भिजवलेला चुना, भिंतीला घट्ट धरावा म्हणून भाताची पेज आणि चिमूटभर नीळ.

“राहू द्या भाऊ. मी चालले.”

“जा ना. पन खोली तं नीट करून जा.”

दिवसभर आम्ही दोघांनी भिंती खरवडल्या, धुतल्या. मग भाऊंनी चुन्याचे हात मारले. संध्याकाळी बघते तर भिंत मळकट, डागाळलेली. माझं डोकंच फिरलं.

“हे तुमचं पांढरं?”

“चुना ओला असला का असाच दिसते, बाई. वाळू द्या. सकाळपर्यंत थांबून पाहा.”

सकाळी डोळे उघडले तर चारही भिंती पांढऱ्याशुभ्र. निळीची अगदी बारीक झाक. खिडकीतला उजेड पार कोपऱ्यातल्या पेटीपर्यंत पोचला होता.

मी बराच वेळ अंथरुणात बसून राहिले. मग आंघोळ करून शाळेत गेले. राजीनामा पर्समध्येच राहिला.

अकरा वर्षं राहिले त्या खोलीत. दर दिवाळीआधी भाऊ चुना मारत, नीळ मी कालवी. एकदा जास्त पडली आणि वर्षभर आकाशी भिंतींत राहावं लागलं. भाऊ गावभर सांगत सुटले, “बाईनं स्वतः केलं, मी नाई.”

आज बातमी दिली ती त्यांच्या मुलीनं, सुनीतानं. त्या पहिल्या वर्षी ती माझ्या चौथीच्या वर्गात होती, आता नर्स आहे. बोलता बोलता मी विचारलं, त्या रविवारी भाऊ आलेच कसे?

“मीच घरी सांगतलं होतं, का बाई वर्गात रडल्या. तुमच्या आधी तीन मास्तर आले नं गेले. बाबा खळ्यावरची धानाची चुरणी अर्धी सोडून आले. म्हने, हे बाई गेली तं तुले कोन शिकवन.”



भाऊ, इतक्या वर्षांत हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत.

तुमच्या बाईंचा शेवटचा नमस्कार.