जमादारांची रजा

गावात आमच्या घराला अजून जमादाराचं घर म्हणतात. हे जमादार माझ्या आजोबांचे आजोबा, इंग्रजांच्या काळी कोकणातल्या एका स्थानिक पलटणीत होते. इथे सौदीत, दम्मामच्या हॉस्पिटलातली ड्युटी संपली की मी इंटरनेटवर त्या पलटणीचे जुने हजेरीपट चाळायचे. दोन वर्षं आडनावाने शोधलं. काही मिळेना, तेव्हा सगळ्या इंग्रज कारकुनांना शिव्या घातल्या.

मग इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचा फॉर्म भरताना आमच्या ऑफिसातला अरब कारकून म्हणाला, "आडनाव राहू दे. बापाचं नाव सांग, मग आजोबाचं." मी तिथेच कपाळावर हात मारला. गावावरून पडलेलं आमचं आडनाव जमादारांच्या काळी होतंच कुठे? जमादारांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव टाकलं, आणि ते सापडले. कपाळावर व्रण, उंची बेताची. पुढे शेरा होता: भातलावणीच्या रजेवर गेला, महिनाभर उशिरा परतला.

घरी फक्त त्यांच्या शौर्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. मला हा माणूस जास्त आवडला.

तीन वर्षं पुढे ढकललेला रजेचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, भातलावणी.