न पुसला जाणारा ठिपका
स्क्रीन पुसायच्या स्प्रेचा वास आला की मला मुलुंडचं ते घर आठवतं. सातवीत शाळा सोडून मी कोकणातून तिथे कामाला आले होते. घर विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या एका बाईंचं. दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंत नवे लघुग्रह शोधायचा त्यांना नाद. एकदा त्या चहा ठेवायला उठल्या, म्हणून मी कॉम्प्युटर पुसायला घेतला. आभाळाचे चार फोटो एकामागून एक फिरत होते आणि त्यातला एक ठिपका कितीही घासला तरी जाईना, उलट पुढेच सरकायचा. म्हटलं, वाट लागली. "बाई, माझ्या हातून बिघडलं वाटतं," मी रडवेली झाले. त्यांनी चष्मा लावून बघितलं, आधी सापडलेल्या लघुग्रहांची यादी दोनदा तपासली आणि ओरडल्याच, "अगं वेडे, हा लघुग्रह कुणालाच माहीत नाहीये! तुला सापडला!" मला काही म्हणता काही कळेना. मी एवढंच विचारलं, "मग उद्या येऊ ना कामाला?" त्या हसतच सुटल्या. बऱ्याच वर्षांनी त्याला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा बाईंनी माझ्या गावाचं नाव सुचवलं आणि ते मंजूरही झालं. त्यांचे उपकार मोठे, पण आपल्या गावाच्या नावाचा ठिपका आभाळात फिरतोय, हे गावी आईला फोन करून नक्की कसं सांगायचं, ते मला अजून सुचत नाही.