लोअर हटमध्ये सापडलेली धान्याची भट्टी

न्यूझीलंडमधल्या लोअर हट शहरातल्या आमच्या साइटवर सांडपाण्याच्या पाइपसाठी चर खणताना काळवंडलेले दगड लागले, खाली राख. नियमाप्रमाणे मी काम थांबवलं. राख म्हटल्यावर मला स्मशानच सुचलं. बूट काढायला सेफ्टीचा नियम आडवा आला, म्हणून नुसते हात जोडले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, ही धान्य वाळवायची भट्टी, सुरुवातीच्या गोऱ्या शेतकऱ्यांची. हात जोडल्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

तो २०१४ चा जानेवारी. आई चार महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटीच. तिने कायमचं इथे राहावं म्हणून मी रेसिडेन्सीचा फॉर्म भरून ठेवला होता, फक्त तिची सही बाकी होती. विषय काढला की ती "बघू" म्हणायची. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी वाट बघत होतो.

भट्टीचं ऐकून मात्र ती खुलली. शनिवारी लोकांना बघायला बोलावलं होतं, तेव्हा तिला घेऊन गेलो. दगडांनी बांधलेला गोल खड्डा, आणि बाजूने त्यात शिरणारा लांब बोगदा.

"विस्तव लांब ठेवलाय बघ," आई म्हणाली. "नुसती ऊब आत यायची. नाहीतर गव्हाच्या लाह्या झाल्या असत्या."

बाईंनी पुढची दहा मिनिटं हेच इंग्रजीत सांगितलं. जन्मभर गच्चीवर कुरडया वाळवलेल्या आईने ते कौतुकाने ऐकून घेतलं.

मग ती मला म्हणाली, "विचार त्यांना, हे लोक आले कुठून?"

"स्कॉटलंडहून असावेत," बाई म्हणाल्या.

"आणि त्यांच्या आया? त्या आल्या होत्या का बरोबर?"

मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "बहुतेकींच्या नशिबात पत्रंच. तीसुद्धा कित्येक महिन्यांनी पोचायची."

गाडीत बसल्यावर आईने पट्टा लावला. "म्हणजे पोरांनी निभावलंच की. तो फॉर्म राहू दे आता."

मला तिचा राग आला. वाईट त्याहून जास्त वाटलं.

"आणि त्या आयांचं काय झालं?" मी विचारलं.

"त्यांचं कोण खणून बघतंय," ती म्हणाली.