तीन कॅमेरे आणि आईची निळी साडी

दौंडला जयंतीच्या मिरवणुकीत मी मोठ्या पडद्याखाली उभी होते. चौकात आम्ही तीन कॅमेरे लावले होते आणि आमची आई त्यांच्यासमोरून चालत होती. पहिल्यात तिची साडी निळी, दुसऱ्यात जांभळट, तिसऱ्यात राखाडी. ढोलांच्या दणक्यात मला गुंगी आल्यासारखं झालं होतं. वाटलं, तीन आया तीन वेगळ्या गावांतून चालल्यात. मग सुचलं, साडी तर एकच आहे! तिलाच धरून कॅमेऱ्यांनी आपापसात रंग जुळवावा की.

तोवर सगळेच, मीसुद्धा, शूटिंगआधी रंग जुळवायला प्रत्येक कॅमेऱ्यासमोर रंगांचा तक्ता धरायचो. ऊन सरकलं की सगळं मुसळ केरात.

ही युक्ती प्रत्यक्षात उतरवून मी पेटंटचा अर्ज केला, तर एका मोठ्या कंपनीने हरकत घेतली. म्हणे, हे कुणाही जाणकाराला सहज सुचलं असतं. पेटंट हातचं गेलं तर मी आणि माझी मैत्रीण, आम्हा दोघींचा छोटासा उद्योग गुंडाळावा लागणार होता.

सुनावणी व्हिडिओवर होती. मी वडगाव रासाईच्या घरी बसून हजर राहिले. खिडकीबाहेर ऊस सळसळत होता, आणि कंपनीचे वकील गोड आवाजात सांगत होते, यात विशेष ते काय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात आमच्या वकीलबाईंनी त्या कंपनीच्याच यंत्राचं माहितीपुस्तक पडद्यावर आणलं. त्यात लिहिलं होतं, रंग जुळवताना हलती माणसं चौकटीबाहेर ठेवा.

"माणसांना बाहेर काढा असं तुम्हीच सांगता," सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, "आणि त्यांचाच वापर करणं सहज सुचलं असतं म्हणता?"



हरकत फेटाळली गेली. निकाल कळला त्या दुपारी मी तरंगतच आईकडे गेले आणि तिला लॅपटॉपवर तीच मिरवणूक दाखवली. तिन्ही चौकटींतून ती चालत होती, आता एकाच निळ्या रंगात. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.

"तिन्हीत सारखा हाय," ती म्हणाली. "पन माझ्या साडीचा न्हाई ह्यो रंग."

"म्हणजे?"

"लई गडद हाय गं. कुणी बी सांगंल."

मला हसू आलं आणि रडूही. कॅमेऱ्यांचे रंग एकमेकांशी जुळवण्यात इतकी वर्षं गेली, पण साडीला कुणी विचारलंच नव्हतं. आईने उठून पेटीतली साडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.